दोन कागद आणि एक परवाना

आयटीआयत वीजतंत्रीच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झालो, पण फोन काही थांबले नाहीत. कोणी धडगावहून करतो, कोणी शहाद्याहून, कोणी नवापूरच्या स्टेशनाबाहेर उभं राहून. बोलणं अहिराणीत असो की मराठीत, प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "सर, माले काम चालू करनं शे. लायसन काढनं पडी का?"

काम कोणतं, तर सगळंच. पंखा टांगणं, गळका नळ बदलणं, टाकीचा बॉलकॉक, दाराची कडी, पाण्याच्या मोटरचा कंडेन्सर, भिंतीचा उडालेला गिलावा. मोटारसायकलला एक पिशवी, तीत पक्कड, टेस्टर, पाईप पाना, जमलंच तर ड्रिल मशीन. आपल्याकडे या माणसाला एक ठरलेलं नाव नाही. गाव त्याला मिस्त्री म्हणतं, फिटर म्हणतं, लाइटवाला म्हणतं. ऊसतोडीला किंवा बांधकामाला गुजरातेत गेलेली माणसं होळीला गावी परततात आणि घराची डागडुजी निघते, तेव्हा याच्या फोनला उसंत नसते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात असे शेकडो हात लागतील आणि ते इथेच तयार व्हावेत, बाहेर जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज सगळ्यांना एकदम लिहितो आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो. घरगुती दुरुस्तीचं काम करण्यासाठी "मिस्त्रीचं लायसन" असा एक सरसकट कागद सरकारकडे नाही. तो मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. लागतात ते दोन साधे कागद, आणि विजेच्या कामाला हात लावणार असाल तर एक खरा परवाना. दोन कागद घरबसल्या निघतात. परवान्याला मेहनत आहे, कारण तो माणसाच्या जिवाशी बांधलेला आहे.

पहिला कागद उद्यम नोंदणीचा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू आहे. आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल हवा, पॅन हवा, बाकी माहिती आपली आपण सांगायची. कोणतंही कागदपत्र चढवावं लागत नाही आणि फी शून्य आहे. हे ठळक सांगतो, कारण माझ्या एका विद्यार्थ्याने याच नोंदणीसाठी एका एजंटला अडीच हजार रुपये दिले होते. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी पानं इंटरनेटवर आहेत आणि तिथे पैसे भरायला लावतात. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते बघा, नसेल तर पान बंद करा. पॅनही नाही अशा अगदी छोट्या कारागिरांसाठी उद्यम असिस्ट नावाची सोय २०२३ पासून आहे, ती बँकेमार्फत होते.

दुसरा कागद लोक ज्याला शॉप अ‍ॅक्ट किंवा गुमास्ता म्हणतात तो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि छोट्या माणसाची मोठी कटकट त्याने कमी केली. एकटा काम करणारा किंवा दोन-चार पोरं हाताखाली घेतलेला मिस्त्री असेल तर त्याला आता नोंदणी दाखला काढायचा नाही, दर वर्षी नूतनीकरणही नाही. त्याने फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची. दुकान नाही, घरूनच काम चालतं? मग घराचा पत्ता द्या. आपलं सरकार सेवा केंद्रातून केलंत तर केंद्राच्या शुल्काची पावती मागा. दराचा फलक तिथे लावलेला असतो, त्याहून एक रुपया जास्त देऊ नका.

हे दोन कागद एकत्र का सांगतो? बँकेसाठी. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला गेलात की एकट्या मालकाच्या व्यवसायाचे दोन पुरावे मागतात, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उद्यम प्रमाणपत्र आणि शॉप अ‍ॅक्टची पोच, झाले दोन. खातं उघडलं की क्यूआर कोड येतो, पैशाची नोंद राहते, आणि पुढे कर्जासाठी गेलात तर दाखवायला काहीतरी असतं. पिशवीवाल्या मिस्त्रीला आजवर बँकेने उभं केलं नाही, कारण त्याची कमाई कुठेच लिहिलेली नव्हती.

दुकान घातलंत तर पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत लावायची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान दुकानांनाही लागू आहे, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. वेल्डिंगसारखं ठिणग्या उडवणारं, आवाजाचं काम करणार असाल तर जागा भाड्याने घेण्याआधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. मागाहून शेजारी तक्रार करतो आणि दिलेलं डिपॉझिट अडकतं.

जीएसटीची भीती मात्र काढून टाका. दुरुस्ती ही सेवा आहे आणि वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. फक्त मालच विकणाऱ्याची मर्यादा ४० लाखांची आहे, पण माल आणून बसवूनही देणाऱ्याने २० लाखच धरून चालावं. आपल्या जिल्ह्याला यात एक वेगळी गोष्ट आहे. नवापूरच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. इथला फिटर सकाळी नवापुरात नळ बसवतो आणि दुपारी उच्छलला जातो, शहाद्याचा मिस्त्री मध्य प्रदेशातल्या खेतियाला जातो. परराज्यात केलेल्या सेवेलाही हीच २० लाखांची सूट आहे. पण राज्याच्या हद्दीपलीकडे माल विकलात की सूट संपते, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून पलीकडच्या कामात पाईप, पंखा, वायर गिऱ्हाइकालाच त्याच्या गावच्या दुकानातून घ्यायला सांगा आणि बिल तुमच्या मजुरीचंच करा. व्यवसाय कर तुम्हाला लागतो की नाही ते जिल्ह्याच्या वस्तू व सेवा कर कार्यालयात एकदा विचारून घ्या. लागला तरी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर तो कोणालाच लावता येत नाही, ही मर्यादा संविधानानेच घातली आहे.

आता परवाना. इथे मला थोडं थांबायचं आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा. काकूंनी फोन केला, "दादा, हॉलचं बटण जळालंय, बदलून दे." तुम्ही गेलात, मेन स्विच बंद केला, बटण बदललं, पन्नास रुपये घेतले. यात काही चूक नाही. निघताना काकू म्हणतात, "मागच्या पडवीत एक पॉइंट काढून दे ना, कूलर लावायचाय." तुम्ही वायरचा तुकडा घेता, बोर्डातून जोड काढता, भिंतीवरून वायर नेता. तेवढ्यात काका शेतातून येतात. "विहिरीवरची मोटर उचलत नाही, तेवढा स्टार्टर बघ." एका दुपारी, एकाच घरात, तुम्ही कायद्याची रेघ ओलांडून पार पलीकडे गेलात आणि तुम्हाला कोणी सांगितलंही नाही.

रेघ पडवीच्या पॉइंटपाशी आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता, आणि तोच दंडक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि पुढे २०२३ च्या सुरक्षा विनियमांत कायम राहिला. त्याचा अर्थ असा: दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती वापराचं उपकरण, हे जुनं काढून त्याच्या जागी तसंच नवं बसवायला परवाना नको, जोवर मूळ मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नाही. त्यापलीकडचं काम, म्हणजे नवी वायरिंग, वाढीव पॉइंट, मांडणीतला बदल, तिची दुरुस्ती, हे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच घ्यायचं. देखरेख प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची हवी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा. तिन्ही लागतात. नुसता वायरमनचा परवाना खिशात आहे म्हणून स्वतःच्या नावाने घराची वायरिंग अंगावर घेता येत नाही, हे आयटीआय झालेल्या पुष्कळ मुलांनाही ठाऊक नसतं.

हा नियम कशासाठी, ते वर्गात मी एका जोडणीवरून दाखवायचो. घरात अर्थिंग नसतं. फ्रिजला थ्री पिन लागते. मग मिस्त्री काय करतो, सॉकेटच्या मागे अर्थचा स्क्रू आणि न्यूट्रलचा स्क्रू वायरच्या एका तुकड्याने जोडून देतो. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, फ्रिज चालतो, गिऱ्हाईक खूश. मग एके दिवशी पावसात सर्व्हिस वायरची न्यूट्रल खांबापाशी तुटते. त्या क्षणी फेज फ्रिजमधून फिरून, मिस्त्रीने टाकलेल्या त्याच तुकड्यावरून, फ्रिजच्या पत्र्यावर येतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं लेकरू दार उघडायला हात लावतं. मिस्त्री तोवर पाच गावं पलीकडे गेलेला असतो आणि आपण काय करून ठेवलं ते त्याला कधी कळतही नाही. दुसरी चूक तितकीच सर्रास होते: बटण फेजवर न टाकता न्यूट्रलवर टाकायचं. बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहतेच. या चुका करणारी मुलं वाईट नसतात. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

परवाना देणारं अनुज्ञापक मंडळ मुंबईला आहे आणि ते राज्याच्या ऊर्जा विभागाखाली येतं. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड पास असाल तर त्या प्रमाणपत्राच्या आधारे तारतंत्रीच्या परवान्यासाठी अर्ज करा. प्रमाणपत्र पेटीत ठेवून वर्षं घालवू नका. शाळा अर्धवट सुटलेली पण हात चांगला बसलेली जी मुलं आहेत, त्यांनी मंडळाच्या परीक्षेची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात करावी. ठेकेदाराचा परवाना पुढची पायरी आहे. तोवर आपल्या भागातल्या परवानाधारक ठेकेदाराशी जोडून घ्या, वायरिंगची कामं त्याच्या नावाने घ्या आणि तुमचा वाटा ठरवून घ्या. यात कमीपणा मानू नका. काम कायद्यात राहतं आणि अडलं तर विचारायला जाणतं माणूस असतं.

महावितरणचं नवीन मीटर घेताना ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. घर न बघता अशी सही देणारे असतात आणि पैसे देऊन ती आणणारे मिस्त्रीही असतात. तुम्ही ती आणू नका. त्या कागदावर लिहिलेलं असतं की या घराचं अर्थिंग तपासलं, इन्सुलेशन तपासलं. न तपासता केलेली ती सही त्या घरात झोपणाऱ्या माणसांशी खोटं बोलते. आणि कितीही जवळचा माणूस म्हणाला तरी आकडा टाकून देऊ नका, मीटरला हात लावू नका. २००३ च्या वीज कायद्यात चोरीला मदत करणाऱ्या ठेकेदाराचा, पर्यवेक्षकाचा किंवा कामगाराचा परवाना रद्द करण्याची तरतूद आहे. शिक्षा वेगळीच.

जी मुलं गुजरातेत वायरिंग करतात त्यांनी ध्यानात ठेवावं की आपला परवाना महाराष्ट्राचा आहे. तिकडे काम करायचं तर तिथल्या शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना लागतो. सुरतेत मोठ्या साइटवर ठेकेदार हे बघतो, पण उच्छल-निझरला घरगुती काम घेणाऱ्याला ते स्वतःच बघावं लागतं.

नळाच्या कामाला असा कडक नियम नाही. घरातली फिटिंग, टाकी, नळ, बेसिन, खुशाल करा. नगरपरिषदेच्या मुख्य जलवाहिनीला मात्र हात लावायचा नाही. नवीन जोडणी पाणीपुरवठा विभागाच्या मंजुरीनेच करायची. खेड्यांत जलजीवन मिशनमधून नळ आले आहेत आणि ते दुरुस्त करायला गावातलाच माणूस तयार व्हावा म्हणून नल जल मित्र ही योजना आहे. तिच्यात नळाचं, मोटरचं आणि थोडं गवंडीकामाचं प्रशिक्षण मिळतं. ग्रामपंचायतीत नाव द्या. गॅसच्या सिलिंडरला आणि रेग्युलेटरला वितरकाच्या मेकॅनिकशिवाय कोणी हात लावू नये. शेगडी पुसून दिलीत तर हरकत नाही, पण गळतीचा वास आला की खिडक्या उघडा, वितरकाला कळवा आणि बाहेर थांबा.

आता एक काम, जे कोणी हजार रुपये देतो म्हणाला, दोन हजार म्हणाला, तरी करायचं नाही. शौचालयाच्या टाकीत उतरायचं नाही. "टाकी तुंबलीय, आत उतरून जरा मोकळी कर," असं सांगणारे भेटतात, आणि पिशवीवाला मिस्त्री नाही म्हणायला लाजतो. टाकीत साचलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. दोन श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळीच २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तो आकडा तुमच्या घरच्यांना कधी मोजावा लागू नये. टाकी उपसणाऱ्या गाडीचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि तोच गिऱ्हाइकाला द्या.

पैशाचं थोडक्यात सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी, कुलूप-किल्लीवाला त्यात बसतात, वायरमन आणि प्लंबर बसत नाहीत. सुतारकाम येत असेल तर सुतार म्हणूनच नोंद करा. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर मिळतं, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ आहे, म्हणून कोणाच्या नावाने घ्यायचा ते घरात बसून ठरवा. बाकीच्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. ग्रामीण भागात आदिवासी अर्जदाराला आणि कोणत्याही महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं त्यात येतात. आदिवासी मुलांनी नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात शबरी महामंडळाच्या कर्जाचंही विचारावं. आणि मुलींनो, हे वाचून पान उलटू नका. दुपारी एकटी असलेली बाई घरात अनोळखी मिस्त्री घ्यायला कचरते, तिथे तुम्हालाच बोलावणं येईल.

रंगकाम, फरशी, वायरिंग, प्लंबिंग करताना वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० असावं. दिवस भरल्याचा दाखला ठेकेदार देतो किंवा ग्रामसेवक देतो. मुलांच्या शिक्षणाची, आजारपणाची, अपघाताची मदत त्यातून मिळते. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण देतो. शिडीवर चढणाऱ्या माणसाने तो काढला नसेल तर आजच्या आज बँकेत जावं. पुतण्याला, भाच्याला "हाताखाली शिकेल" म्हणून घेऊन जाता, तेव्हा त्याचं वय बघा. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे. त्याची जागा शाळेत आहे.

एक बिलबुक छापून घ्या. नाव, फोन, काय काम केलं, कोणतं सामान वापरलं, किती घेतले, कार्बन लावून दोन प्रती. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ग्राहक संरक्षण कायद्यात येते आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहकाकडून फी घेत नाहीत. बिल असलं तर तुमच्या डोक्यावर दुसऱ्याच्या कामाचं खापर फुटत नाही. मीच बिल न ठेवल्यामुळे एकदा शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरून बसलो होतो.

अर्ज करूनही काम अडवलं तर हात जोडून उभे राहू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायची हे कार्यालयात फलकावर लावावं लागतं. मुदत उलटली की ३० दिवसांत अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोचपावती मात्र हवीच. पावती न घेता काउंटरवरून परत फिरू नका.

शॉप अ‍ॅक्टची सूचना काम सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत द्यायची असते. काम सुरू झालं असेल तर पहिलं काम कोणत्या तारखेला केलं ते आठवा, दिवस मोजा, आणि या आठवड्यातच ती सूचना देऊन टाका.